मोठे इंजेक्टर, इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आणि डिझेल पिकअप : तीन तोट्यांचा इतिहास

१.
मराठीत ‘पिकअप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, बाजार समितीत कांदा-टोमॅटो पोहोचवणारी उघड्या हौद्याची गाडी. दुसरा, ‘गाडीला पिकअप नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा अभिप्रेत असणारा, वेग घेण्याचा जोम. या दोन्ही अर्थांना एकत्र बांधणारी एक चळवळ १९९०च्या दशकापासून अमेरिकेत फोफावली. डिझेल पिकअपला मोठ्या भोकाचे इंजेक्टर बसवायचे, त्यांना इलेक्ट्रॉनिक ट्यूनरची जोड द्यायची आणि कारखान्याने दिलेली शक्ती दीडपट-दुप्पट करायची. आजचा धागा या जोडीचा इतिहास सांगणारा आहे.

२.
वरवर पाहता हा गॅरेजमधला विषय वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे : इंजिनात किती इंधन जावे, हे कोणी ठरवायचे? निर्मात्याने, मालकाने, की त्या धुरात श्वास घेणाऱ्या समाजाने? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. म्हणून आरंभ रुडॉल्फ डिझेलपासूनच करू.

३.
१८९७च्या फेब्रुवारीत जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी डिझेलच्या इंजिनाची चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा आकडा विलक्षण होता. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी येथे नव्हती. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेट घेते. तत्त्व सुटसुटीत होते. अडचण ‘सोडण्या’त होती.

४.
प्रचंड दाबाखालील हवेत इंधन घुसवायचे तर त्याहून अधिक दाब हवा. डिझेलने त्यासाठी दाबलेल्या हवेचाच झोत वापरला. परिणामी इंजिनाला एक अवजड कॉम्प्रेसर बाळगावा लागे. कारखान्यात किंवा जहाजावर ते चालून जाई. रस्त्यावरच्या वाहनात मुळीच नाही. १९१३च्या सप्टेंबरात डिझेल जहाजावरून बेपत्ता झाला, तेव्हाही त्याचे इंजिन मोटारीत मावत नव्हते.

५.
ही कोंडी फोडली पंपाने. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२मध्ये डिझेलच्या इंधनपंपाचे काम हाती घेतले आणि १९२७मध्ये त्याचे घाऊक उत्पादन सुरू केले. पंपातील दांडा आणि त्याची नळी यांमधली फट मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकी. इतक्या काटेकोर जोडणीमुळे हवेच्या झोताशिवाय केवळ इंधनच प्रचंड दाबाने नोझलमधून फवारता येऊ लागले. १९३६मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आली, ती या प्रगतीच्या पायावर.

६.
अटलांटिकपलीकडे इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी क्लेसी कमिन्स याने १९१९मध्ये आपली कंपनी स्थापन केली होती. धंदा डबघाईला आला असता त्याने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि १९३०च्या आरंभी ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. सुमारे १२७० किलोमीटरच्या त्या प्रवासाला इंधनाचा खर्च आला १ डॉलर ३८ सेंट. मंदीने होरपळणाऱ्या देशाला हा हिशेब लगेच समजला.

७.
कमिन्सची पुढची हौस शर्यतीची. १९३१मध्ये त्याची डिझेल मोटार इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण करून गेली. १९५२मध्ये फ्रेडी अगाबाशियन याने कमिन्सची टर्बो लावलेली डिझेल मोटार चालवून पोल पोझिशन, म्हणजे आरंभरेषेवरचे पहिले स्थान, पटकावले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ती मोटार ७१ फेऱ्यांनंतर बाद झाली. हवा घेण्याचे तोंड खाली, जमिनीलगत होते; धावपट्टीवरचा रबराचा चुरा त्यात ओढला गेला आणि टर्बो गुदमरला.

८.
हा प्रसंग लक्षात ठेवावा. इंधन मुबलक होते, पंप उत्तम होता; अडले ते हवेपाशी. डिझेल इंजिनात शक्ती हवी असेल तर इंधन वाढवावे लागते, आणि ते पूर्ण जाळायचे तर हवा वाढवावी लागते. पुढील अर्धशतकात असंख्य हौशी मंडळींनी हा धडा आपापल्या खर्चाने पुन्हा गिरवला.

९.
आता पिकअपकडे वळू. १९७०च्या दशकातील तेलसंकटांनंतर अमेरिकी कंपन्या डिझेलकडे वळल्या. परंतु जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल विभागाचे १९७८चे ५.७ लिटर डिझेल इंजिन इतके सदोष निघाले की सामान्य ग्राहकाच्या मनातून डिझेल मोटार उतरली. डिझेलची पत सावरली ती एका शेतकामाच्या इंजिनाने.

१०.
कमिन्सची बी-मालिका १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात शेती व बांधकामाची यंत्रे बनवणाऱ्या जे. आय. केस कंपनीच्या सहकार्याने घडली. तिचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बोयुक्त इंजिन १९८९मध्ये डॉज पिकअपमध्ये आले. शक्ती केवळ १६० अश्वशक्ती. टॉर्क मात्र ४०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर. जाड ओतीव लोखंडी अंग, मोजके सुटे भाग, संगणक नाही. घोड्यांचा ट्रेलर किंवा गवताच्या गासड्या ओढणाऱ्या शेतकऱ्यांना हे इंजिन आपलेसे वाटले.

११.
या इंजिनाच्या कुळाचा आपल्याशीही थेट संबंध आहे. कमिन्सने १९६२मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात पाऊल ठेवले. पुढे १९९०च्या दशकात टाटा कमिन्सने जमशेदपुरात हीच बी-मालिका टाटा ट्रकसाठी बनवायला घेतली. त्या कंपनीचा कारखाना आज साताऱ्यातील फलटणलाही आहे. आणि डिझेलचे नोझल व इंजेक्टर घडवणारा बॉशचा कारखाना आपल्या नाशकात आहे. घाट चढणाऱ्या ट्रकचा आणि टेक्सासच्या पिकअपचा वंश एकच.

१२.
कारखान्याने इंजिन मजबूत बांधले आणि शक्ती मोजकी ठेवली, कारण त्याला लाखो किलोमीटरची हमी द्यायची होती. मालकांना हा राखीव साठा लवकरच उमगला. १९८९ ते ९३च्या पंपावर इंधनाचा एक स्क्रू होता. तो पिळला की धार वाढे. १९९४ ते ९८च्या गाड्यांत बॉशचा पी-७१०० हा भरभक्कम पंप आला. त्यात इंधनाची कमाल मर्यादा एक छोटी पोलादी पट्टी ठरवत असे. लोक ती पट्टी काढून घरी नेत, तिची कड कानशीने घासत आणि परत बसवत.

१३.
याच सुमारास इंजेक्टर बदलण्याची प्रथा रुजली. इंजेक्टरच्या टोकाशी केसाएवढी बारीक भोके असतात. ती रुंद केली, की त्याच दाबाने, तेवढ्याच वेळात जास्त इंधन आत जाते. पट्टी, भोक आणि टर्बो या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या, हातांनी बदलता येणाऱ्या होत्या. मिस्त्री चुकला तर चूकही डोळ्यांना दिसे.

१४.
मग संगणक आला. फोर्डच्या १९९४च्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात इंजेक्टरला बळ इंजिन ऑइलच्या दाबातून मिळे, आणि ते कधी व किती वेळ उघडायचे हे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवी. १९९८च्या मध्यापासून डॉजमध्ये व्हीपी-४४ हा पंप बसू लागला; त्याच्या डोक्यावरच संगणकाची पेटी होती. पंपाचे नियंत्रण स्क्रूकडून निघून आकड्यांच्या तक्त्यांकडे गेले. ज्याच्या हाती तक्ता, त्याच्या हाती इंजिन.

१५.
दरम्यान युरोप व जपानमध्ये कॉमन रेल आकाराला येत होती. तिच्यात एक पंप सतत उच्च दाबाचे इंधन एका सामाईक नळीत भरून ठेवतो आणि प्रत्येक इंजेक्टर विजेच्या आदेशाने हवा तेव्हा उघडतो. डेन्सोने १९९५मध्ये हिनोच्या ट्रकमध्ये ती आणली. फिआटच्या घरात वाढलेले तंत्र बॉशने विकत घेतले आणि १९९७च्या अल्फा रोमिओ १५६मध्ये ते रस्त्यावर आले. अमेरिकी पिकअपमध्ये ते २००१ला जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनातून आणि २००३ला कमिन्समधून पोहोचले. दाब होता सुमारे १६०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे पट.

१६.
आता ट्यूनर म्हणजे काय ते पाहू. इंधनाच्या तोट्या तीन : भोक किती मोठे, दाब किती, आणि तोटी किती वेळ उघडी. पहिली तोटी लोखंडात आहे. उरलेल्या दोन संगणकात. काही ट्यूनर दाबाच्या सेन्सरला फसवतात : प्रत्यक्षाहून कमी दाब कळवतात, म्हणून संगणक दाब वाढवतो. काही इंजेक्टरच्या आदेशाची लांबी ताणतात. व्हीपी-४४साठी तर पंपाच्या एका तारेला छेद देऊन जोडायची पेटी मिळे. तिसरा प्रकार सर्वांत परिपूर्ण. तो संगणकातील मूळ तक्तेच पुसून नवे लिहितो.

१७.
मग एकट्या ट्यूनरने का भागत नाही? हिशेब करू. २५०० आरपीएमला क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा पंधरा हजारावा भाग लागतो. इंजेक्टर १.५ मिलिसेकंद उघडा राहिला, तर तेवढ्यात क्रँक २२.५ अंश फिरतो. इंधन दुप्पट हवे म्हणून वेळ ३ मिलिसेकंद केला, तर तो फिरतो ४५ अंश. फवारा पिस्टन शिखरावर पोहोचण्याआधी १० अंशांवर सुरू झाला, तर तो संपेल शिखरानंतर ३५ अंशांवर. तोवर पिस्टन बराच खाली आलेला असतो. शेवटी पडलेले इंधन पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट तापवते.

१८.
दाब वाढवून पाहावे, तर तीही तोटी कंजूष. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब १० टक्क्यांनी चढवला की इंधन जेमतेम ५ टक्के वाढते. केवळ दाबाने इंधन दुप्पट करायचे, तर १६०० बारचे ६४०० बार करावे लागतील. तेवढे सोसणारा पंप त्या गाड्यांत नव्हता. भोकाचे क्षेत्रफळ मात्र दुप्पट केले, की तेवढ्याच १.५ मिलिसेकंदांत, योग्य वेळी, दुप्पट इंधन आत जाते. मोठ्या इंजेक्टरचे महत्त्व येथे आहे.

१९.
परंतु एकट्या इंजेक्टरनेही भागत नाही, कारण संगणकाला भोक दिसत नाही. त्याच्या वहीत जुनेच नोझल नोंदलेले असते. तो जुन्या मापाने आदेश देतो आणि आत भलतेच माप पडते. गाडी उभी असताना इंजिन खडखडते, पांढुरका धूर येतो, ॲक्सिलरेटरला पाय लावताच काळा लोट उठतो. म्हणून मोठा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या मापाचा नवा तक्ता लिहावाच लागतो. लोखंड आणि आकडे यांची सोयरीक जुळली तरच गाडी गुणाने चालते.

२०.
जोडीतला धोका गुणाकारात आहे. इंजेक्टर ४० टक्के मोठे आणि वेळही ४० टक्के जास्त, तर वाढ ८० टक्के होत नाही, १.४ गुणिले १.४ म्हणजे १.९६, जवळजवळ दुप्पट. मूळ टर्बो तेवढी हवा देऊ शकत नाही. अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. जाणते चालक तापमापक लावत आणि साधारण १२५० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ६७५ अंश सेल्सियसच्या आसपास पाय आवरत. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. एरवी पिस्टनला खालून उडणारे ऑइल आणि दर फेरीची ताजी हवा वाचवते. लांबच्या चढावर, मागे जड ट्रेलर असताना, हे रक्षण अपुरे पडते.

२१.
पिस्टन वाचला, तरी साखळीतील पुढची कडी तुटे. हेड गॅस्केट फुटे, क्लच घसरे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हार मानी. व्हीपी-४४चे दुखणे आणखी निराळे : तो पंप स्वतःतून वाहणाऱ्या डिझेलनेच थंड राहतो. टाकीतून इंधन पाठवणारा छोटा पंप कमजोर पडला, की महागडा मुख्य पंपही जाई. म्हणून अनुभवी मंडळींचा क्रम ठरला : आधी मापक, मग इंधनपुरवठा, हवा आणि गिअरबॉक्स, इंजेक्टर व ट्यूनर सर्वांत शेवटी. घाईत असणाऱ्यांनी हा क्रम उलटा केला आणि इंजिने गमावली.

२२.
आता तिसरा पक्षकार, समाज. अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा १९७०चा. उत्सर्जन-नियंत्रण निकामी करणे त्याने निषिद्ध ठरवले; १९९०च्या दुरुस्तीने तशी साधने बनवणे व विकणेही कक्षेत आणले. जुन्या डिझेल पिकअपवर काढण्याजोगे फारसे काही नव्हते. २००६मध्ये रस्त्यावरील डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५०० वरून १५ भाग प्रतिदशलक्ष झाली आणि २००७च्या नियमांनी काजळीची मर्यादा एक दशांशावर आणली. पिकअपच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला, पाठोपाठ नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरची यंत्रणा आली.

२३.
येथे ट्यूनरचा अर्थ बदलला. मोठ्या इंजेक्टरची काजळी नव्या फिल्टरला तुंबवते. म्हणून फिल्टरच कापून फेकायचा आणि ‘तो आहेच’ असे संगणकाला पटवणारा तक्ता लिहायचा, असा धंदा उभा राहिला. काहींनी तर मुद्दाम काळा धूर सोडणे हीच करमणूक मानली, सायकलस्वारांच्या तोंडावरसुद्धा. २०१५मध्ये न्यू जर्सी राज्याने या प्रकारावर बंदी घातली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२०च्या नोव्हेंबरात अंदाज मांडला : सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची नियंत्रणे काढली गेली. त्यांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टनांहून अधिक नायट्रोजन ऑक्साइड जादा बाहेर पडतील.

२४.
तथापि दोष केवळ हौशी मालकांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९८मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्वो यांच्यासह सात इंजिन-निर्मात्यांवर आरोप झाला, की त्यांचे संगणक चाचणीत एक तक्ता वापरतात आणि महामार्गावर दुसरा, इंधन वाचवणारा पण जास्त प्रदूषण करणारा. त्यांनी ८.३४ कोटी डॉलरचा दंड भरला. २०१५मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघड झाले. आणि २०२३च्या डिसेंबरात कमिन्सनेच राम पिकअपच्या इंजिनांवरून १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला; त्या कायद्याखालचा तो आजवरचा सर्वांत मोठा दंड होय. कंपनीने गैरकृत्याची कबुली दिली नाही. कोणी दुर्हेतूने वागल्याचा पुरावा आढळला नाही, अशी तिची भूमिका होती.

२५.
म्हणजे गॅरेजमधल्या तरुणाने जे केले, तेच कारखान्यांनी केल्याचा आरोपही पुन्हा पुन्हा झाला : लोखंड तेच ठेवून तक्ता बदलायचा. फरक इतकाच, की स्क्रू आणि पट्टीच्या युगात फेरफार डोळ्यांना दिसे. तक्त्यांच्या युगात तो शोधायला चालत्या गाडीच्या मागे धूर मोजणारे यंत्र न्यावे लागते.

२६.
या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, शक्ती कोणत्याही एका भागात नसते. इंधन, हवा आणि उष्णता यांच्या मेळात असते. दुसरी, यंत्र आणि त्याच्याविषयीची नोंद यांत अंतर पडले की धूर निघतोच. तिसरी, हौद्यातला माल मालकाचा असतो, इंजिन मालकाचे असते, पण एक्झॉस्टच्या नळीबाहेर पडलेली हवा कोणा एकाची नसते. आजच्या विजेवरच्या गाड्यांतही शक्तीचे माप तक्त्यातच लिहिलेले आहे. तो तक्ता कोणी लिहावा, हा प्रश्न तुमच्या पिढीपुढे लवकरच नव्या रूपात येईल.

(धागा समाप्त. तुमच्या गावात पंप-नोझलचे काम करणारे जुने जाणते मिस्त्री असतील, तर त्यांच्याशी अवश्य बोला; या इतिहासाची बरीच पाने अजून त्यांच्याच स्मरणात आहेत.)